चार सदस्यांचा प्रभाग: मतं चार, जाब कुणाला विचारायचा?

पेठकरी: जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं मतदान झालं. मुंबईकराने एक बटण दाबलं, पुणेकराने चार. मुंबईत 227 एकसदस्यीय प्रभाग. बाकी सगळीकडे महापालिका अधिनियमाचं कलम 5(3): शक्यतो चार सदस्य, तीनपेक्षा कमी नाही, पाचपेक्षा जास्त नाही. पुण्यात 165 जागा 41 प्रभागांत बसवल्यात, म्हणजे एका प्रभागात 2011 च्या जनगणनेने सुमारे 84 हजार लोक. ड्रेनेज तुंबलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात, रस्ता झाला की फ्लेक्सवर चौघंही. एकसदस्यीय करा.

सोडतबहाद्दर: एवढं सोपं नाही हो. एकसदस्यीयात आरक्षणाची सोडत निघाली की चांगल्या नगरसेवकाचा वॉर्ड एका चिठ्ठीत जातो. मग बायको उभी आणि कारभार नवऱ्याचा. चारच्या प्रभागात निम्म्या जागा दर वेळी महिलांच्या, आधीच्या नगरसेवकाला त्याच प्रभागातली दुसरी जागाही मिळू शकते. शिवाय 21 हजारांच्या वॉर्डात दोन सोसायट्या इकडच्या तिकडे केल्या की निकाल फिरतो. 84 हजारांत ते जड जातं.

पेठकरी: आणि पॅनेल, म्हणजे चारही जागांवर एकत्र लढणारे उमेदवार? अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती आहेत, प्रत्येकीत सर्वाधिक मतांचा एकच विजयी. म्हणजे ज्याची लाट, त्याच्या चारही जागा. पक्षाला चारही याद्यांत एकच चिन्ह. चार अपक्ष एकत्र आले तरी प्रत्येकाचं चिन्ह वेगळं निघू शकतं. मतदाराला चार चिन्हं पाठ करायला लावायची!

बूथवाला: यंत्राचंही बघा. अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क पिवळी, ड निळी मतपत्रिका. कधी एकाच यंत्रावर दोन जागांच्या याद्या लागोपाठ. तुमचं चिन्ह अ मध्ये दुसऱ्या ओळीत असेल तर ड मध्ये पाचव्या. लांब बीप चारही मतं झाल्यावरच वाजतो. एक बटण दाबून बाहेर येणाऱ्याला परत आत पाठवावं लागतं, रांग तिथेच अडते. वैतागलेला माणूस उरलेल्या जागांवर जे दिसेल ते दाबतो. व्हीव्हीपॅटही नाही, त्यामुळे काय नोंदलं ते चिठ्ठीवर दिसत नाही.

सोडतबहाद्दर: हा दोष मतदार शिक्षणाचा. प्रत्येक यादीत शेवटी नोटा आहे, उमेदवार पसंत नसेल तर ते दाबा. नमुना मतपत्रिका मतदानाआधी घरोघरी गेली तर निम्मा गोंधळ मिटेल.

पेठकरी: नमुना वाटतात उमेदवारांची माणसं, आणि त्यावर फक्त त्यांचीच ओळ ठळक असते. पोटनिवडणुकीचं काय? एक जागा रिकामी झाली की 84 हजारांच्या प्रभागात पुन्हा सगळी बूथं मांडा.

बूथवाला: सदस्यसंख्या राज्य सरकार ठरवतं, निवडणूक आयोग नाही. पुण्यात 2012 ला दोनचा, 2017 ला चारचा. 2021 ला तीनचा ठरवला, 2022 ला सरकार बदललं आणि परत चार. ज्याला जे सोयीचं ते. निदान निवडणुकीच्या दोन वर्षं आधी संख्या गोठवा, मग एक की चार यावर भांडत बसू.

सोडतबहाद्दर: गोठवायला हरकत नाही. पण चारवर!