ऐरोलीच्या गच्चीबागेसाठी रूळ कोणते?

गच्चीवरच्या बागेत छोटी मॉडेल रेल्वे टाकायचीय, तर ‘रुळांना ॲल्युमिनियम स्वस्त पडतं, तेच घेऊ का?’ असं विचारलंय. इंजिन बॅटरीवर चालणार असेल तर खुशाल घ्या. वीज रुळांतूनच द्यायची असेल तर नको; त्यावरचा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, त्यात ऐरोलीला खाडीचा खारा वारा! ४५ मिमी गेजला (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) कोड ३३२चे (म्हणजे ०.३३२ इंच, सुमारे ८.४ मिमी उंच) पितळी रूळ बरे, अधूनमधून घासावे लागले तरी. सांध्यांना नुसत्या सरकत्या पट्ट्या नकोत, पावसाळ्यात आत मळ बसून व्होल्टेज पडतं. स्टेनलेस स्क्रूचे क्लॅम्प लावा. मात्र रूळ स्लॅबला ठोकू नका: ३ मीटर पितळ ३० अंशांच्या फरकाने पावणेदोन मिमी वाढतं. बारीक खडीत मोकळं राहू द्या. आणि तयार ट्रेन-सेटमधली ६०० मिमी त्रिज्येची वळणं लांब डब्यांना झेपत नाहीत, जागा असेल तर १२०० ठेवा.