चाळिशीनंतर दातांना तारा लावाव्यात का?

प्रश्न
माझे वय 43 असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. माझे खालचे पुढचे दात पहिल्यापासून एकमेकांवर चढलेले आहेत. अलीकडे ही दाटी वाढली असून फटींत ब्रश पोहोचत नाही आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. दंतवैद्यांनी तारा लावायला सुचवले आहे आणि जागा करण्यासाठी चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढाव्या लागतील असे सांगितले आहे. या वयात दात खरोखर सरकतात का, आणि चांगले दात काढणे योग्य आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्यातील तज्ज्ञ आहे. दात सरकण्याला वयाची अट नाही. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे पातळ आवरण असते. तारेचा हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, ओढीच्या बाजूला नवे हाड तयार होते आणि दात हळूहळू पुढे जातो. त्याचा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर असतो, म्हणूनच उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात.

तुमच्या बाबतीत वयापेक्षा हिरड्यांची काळजी अधिक आहे. सुजलेल्या हिरड्या तशाच ठेवून तारा लावल्या, तर दातांभोवतीचे हाड झपाट्याने घटून दात हलू लागण्याचा धोका असतो. त्यामुळे आधी दातांची साफसफाई करून घ्या, हिरड्या दातांपासून किती खोल सुटल्या आहेत हे मोजून घ्या, हाडाची पातळी एक्स-रेमध्ये पाहा आणि रक्त येणे पूर्ण थांबल्यावरच पुढे जा. मधुमेह असल्यास किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठी औषधे चालू असल्यास ते अवश्य सांगा.

उपदाढा काढण्याचा निर्णय जागा किती मिलिमीटर कमी पडते यावर अवलंबून असतो. दाटी थोडी असेल तर दातांच्या कडा किंचित घासूनही जागा होते, म्हणून नेमके मोजमाप विचारा आणि शंका राहिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या.

प्रतिसाद २
मी चाळिशीच्या उंबरठ्यावर सिरॅमिकच्या तारा लावल्या. पहिला आठवडा मऊ वरणभात आणि दुधात कुस्करलेली भाकरी यांवरच काढावा लागला. गालाला आतून जखमा होत, तेव्हा टोचणाऱ्या ब्रॅकेटवर (तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेल्या तुकड्यावर) मेणाची बारीक गोळी दाबून बसवली की लगेच आराम पडे. हळदीच्या रश्शाने पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या होतात, पण पुढच्या भेटीत त्या बदलून मिळतात. तुम्हाला दिवसभर बोलावे लागते, म्हणून दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या तारा टाळाव्यात असे मला वाटते, कारण तिथे जीभ घासते आणि उच्चार अडखळतात. तारांऐवजी काढता येणारे पारदर्शक अलाइनर (दातांवर बसणारे साचे) घेतले, तर ते दिवसाला 20 ते 22 तास घालण्याची शिस्त हवी.

प्रतिसाद ३
खर्चाची अडचण असेल तर मुंबई आणि नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात चौकशी करावी. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. मात्र दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागत असल्याने शाळेच्या वेळा आधी पाहाव्यात.

प्रतिसाद १ (पुन्हा)
एक गोष्ट राहिली. तारा निघाल्यावर दात मूळ जागी परतू पाहतात, आणि खालच्या पुढच्या दातांत ही ओढ विशेष असते. त्यामुळे त्यांच्या मागे चिकटवलेली बारीक तार किंवा दात जागेवर धरून ठेवणारा, रात्री घालायचा रिटेनर अनेक वर्षे वापरावा लागेल, हे आधीच धरून चाला आणि त्याचा खर्च सांगितलेल्या रकमेत आहे का, हेही विचारून घ्या.