खिडकीच्या चौकटीत आणि न्हाणीघराच्या कडेला सिलिकॉन नीट कसे भरावे?

प्रश्न (ता. आर्वी, जि. वर्धा)
आमच्या घराला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गेल्या उन्हाळ्यात एका कारागिराकडून सिलिकॉन भरून घेतले होते. पण पावसाळा सुरू होताच ते भिंतीपासून सुटले आणि झडीचे पाणी थेट आतल्या पुट्टीवर ओघळू लागले. रेघही इतकी वेडीवाकडी होती की चौकटीवर पांढरे थापे तसेच राहिले आहेत. न्हाणीघरात कोटा फरशी आणि टाइल्स जिथे मिळतात तिथे व्हाइट सिमेंट भरलेले आहे व ते दरवर्षी तडकते. या वेळी दोन्ही कामे स्वतःच्या हाताने करण्याचा विचार आहे. गन आणली आहे. कोणते सिलिकॉन घ्यावे आणि रेघ सरळ येण्यासाठी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (अमरावती)
भाऊ, भिंतीकडची बाजू सुटली आणि चौकटीकडची टिकली, याचा अर्थ बहुधा असा की सिलिकॉन भिंतीला चिकटलेच नव्हते, ते भिंतीवरच्या भुकटीला चिकटले होते. फटीच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. बोटाला पांढरे लागत असेल तर ती पुट्टी किंवा डिस्टेंपर पक्क्या प्लास्टरपर्यंत खरवडून काढल्याशिवाय ट्यूब उघडूच नये. जुने सिलिकॉनही ब्लेडने पूर्ण काढावे लागते, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही. त्यानंतर ब्रशने धूळ झाडून चौकटीची कड स्पिरिटच्या फडक्याने पुसावी आणि सांधा पूर्ण कोरडा होऊ द्यावा.

फट खोल असेल तर ती सगळी सिलिकॉनने बुजवण्याचा मोह टाळा. आत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी आणि रुंदीच्या साधारण निम्मी खोली वर मोकळी ठेवावी, म्हणजे ८ मिलिमीटर रुंद फटीत सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा थर बसतो. असा थर फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि रबरासारखा ताणला जातो. तळालाही चिकटला तर त्याला ताणायला जागा उरत नाही आणि तो एका कडेने फाटतो. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे आहे. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेली चौकट मे महिन्यात उन्हात ५० अंशांच्या वर जाते, आणि चार फूट लांबीचे अॅल्युमिनियम तेवढ्या फरकाने एक मिलिमीटरहून थोडे अधिक वाढते, तर भिंत त्याच्या जवळपास निम्मीच वाढते.

आता रेघेविषयी. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी. नळीचे तोंड तिरपे, फटीच्या रुंदीपेक्षा किंचित लहान कापावे. मोठे कापले की माल आवरत नाही. गन एकाच कोनात धरून हात एकसारख्या वेगाने सरकवावा आणि शेवटाला मागची कळ दाबून दाब सोडावा, नाहीतर माल येतच राहतो. एका वेळी दोन-अडीच फूटच भरा, बोट एकदाच फिरवा आणि साय धरण्याआधी टेप सांध्यापासून बाहेरच्या दिशेने ओढून काढा. वाळल्यावर टेप ओढली तर कड फाटते, आणि पुन्हा पुन्हा बोट फिरवल्यानेच बहुतेक रेघा बिघडतात. काम पहाटे, सावलीत करा; तापलेल्या चौकटीवर वरची साय लगेच धरते आणि हात फिरवायला वेळ मिळत नाही.

उत्तर (चंद्रपूर)
वरील सर्व मान्य आहे. फक्त बोट साबणाच्या पाण्यात बुडवणार असाल तर ते पाणी अजून न भरलेल्या सांध्यात जाऊ देऊ नका, कारण तेवढा भाग चिकटणार नाही.

कोट्यासाठी मात्र ट्यूब पाहून घ्यावी. उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन काच आणि टाइल्सना चांगले असते. पण कोटा हा चुनखडीचा दगड आहे आणि त्या प्रकारातून वाळताना निघणारे आम्ल चुनखडीला व सिमेंटला मानवत नाही. दुकानदाराकडे न्यूट्रल सिलिकॉन मागावे आणि न्हाणीघरासाठी बुरशीरोधक असे लिहिलेले घ्यावे. भरल्यावर किमान एक पूर्ण दिवस तिथे पाणी पडू देऊ नका; घरात एकच न्हाणीघर असेल तर सर्वांना आधी सांगून ठेवलेले बरे. सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणून भिंतीवर रंग द्यायचा असल्यास तो आधी उरकावा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. एका खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जोत्याच्या दिशेने तिरपी भेग गेली आहे. उरलेले सिलिकॉन त्यात भरले तर चालेल का?

उत्तर (दर्यापूर)
लगेच भरू नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलतो व अशा भेगा ऋतूप्रमाणे उघडतात, मिटतात. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि आता व पावसाळ्यानंतर रुंदी मोजा. भेग वाढत असेल तर आधी छपराचे व न्हाणीचे पाणी जोत्यापासून दूर काढा आणि एखाद्या अभियंत्याला दाखवा; सिलिकॉनने ती फक्त झाकली जाईल.

आणखी एक गोष्ट. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून जी छोटी भोके असतात ती पाणी निघण्यासाठी असतात. फट समजून तीही बुजवणारे कारागीर पाहिले आहेत; मग पट्टीत पाणी साचून ते घरातच उतरते. तुमच्या खिडक्यांची भोके आधी तपासा, गेल्या वर्षीच्या कामात ती बंद झालेली असू शकतात.