मदत हवी आहे: अपडेटनंतर प्रिंटर रिफिल केलेलं कार्ट्रिज घेईना

मंडळी, घरचा इंकजेट प्रिंटर रिफिल केलेल्या कार्ट्रिजवर मुकाट चालत होता. मग त्याने परस्पर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट घेतलं आणि आता स्क्रीनवर एकच पालुपद: 'कार्ट्रिज ओळखता येत नाही.' शाई काठोकाठ आहे, अडलंय ते कार्ट्रिजवरच्या नखाएवढ्या चिपपाशी. चिपच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या कापडाने पुसल्या, फरक शून्य. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं, 'ओरिजिनलच वापरा.' ते दर खेपेला महाग. पूर्ण सेट घ्यायचा तर जवळजवळ नव्या प्रिंटरएवढे पैसे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! वर स्कॅनही करू देत नाही. स्कॅनला शाई कशाला लागते, हे कोणीतरी समजावून सांगाच.

जुनं फर्मवेअर परत टाकणं कोणाला जमलंय का? ऑटो अपडेट आता बंद केलंय, पण तेवढ्याने भागतं का?

की सरळ मोनो लेझर (फक्त काळं छापणारा लेझर प्रिंटर) घ्यावा? माझी छपाई अधूनमधून, त्यामुळे इंकजेटची बरीच शाई हेड क्लीनिंगमध्येच, म्हणजे शाईची छिद्रं साफ करण्यातच जाते. टोनर (लेझरमधली शाईची पूड) वाळत नाही म्हणून मन तिकडे झुकतंय. फक्त टोनरच्या चिपचाही असाच जाच होतो का, ते वापरणाऱ्यांनी सांगा. मासिक वर्गणीवाली शाई कृपया सुचवू नका.