मदत हवी आहे: इटलीत आजोबांच्या मराठा पलटणीच्या वाटेवर, ७१ वर्षांच्या बाबांना घेऊन (थोडं पायी, थोडं ई-बाईकवर)

नमस्कार मंडळी,

धागा थोडा लांबणार आहे, आधीच सांगतो. मी जर्मनीत नोकरीला आहे, मूळ गाव रायगडात माणगाव तालुक्यात. पुढच्या वर्षी बाबा दोन महिने माझ्याकडे येतायत आणि त्यांनी एकच गोष्ट मागितलीय, की पॅरिस वगैरे काही नको, आपले दादा जिथे लढले तो डोंगर दाखव. दादा म्हणजे माझे आजोबा, घरात सगळेच त्यांना दादा म्हणायचे.

दादा ५ मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. लढाईबद्दल ते कधीच बोलले नाहीत. चिखल आणि खेचरं एवढ्या दोनच गोष्टी सांगायचे, की रात्री रसद वर न्यायची तर खेचरांच्या साखळ्यांना फडकी गुंडाळायची, आवाज झाला की वरून गोळी आलीच. आणि जेवताना भाकरी चांगली झाली की आजीला "बोनो, बोनो" म्हणायचे. आम्हाला वाटायचं त्यांचा काहीतरी स्वतःचाच शब्द आहे. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एका इटालियन सहकाऱ्याने माझ्या डब्यातली भाजी खाऊन अगदी तसंच "बुओनो" (म्हणजे छान) म्हटलं आणि मला घास गिळवेना, तिथूनच बाबांना फोन केला.

घरी त्यांचं एक मेडल आहे, पेढ्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, सहा टोकांचा तारा, इटली स्टार. फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, पण आता मधला हिरवा पट्टा जवळजवळ राखाडी झालाय आणि घडीवर धागे सुटलेत. डिस्चार्जचा कागद वाळवीने अर्धा खाल्ला, त्यावर फक्त बटालियन आणि नंबरचे शेवटचे आकडे वाचता येतात.

आतापर्यंत मी जमवलेलं असं: ३/५ मराठा (म्हणजे दादांची तिसरी बटालियन) १०व्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन १९४४ च्या उन्हाळ्यात उंब्रियात तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून जर्मनांना मागे रेटत उत्तरेकडे गेली, म्हणजे उंबेर्तिदे, मोन्तोने, चित्ता दी कास्तेल्लो हा पट्टा. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ ला केलेल्या पराक्रमासाठी नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. तेही याच बटालियनचे आणि आमच्याच तालुक्यातले, माणगावला तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे, शाळेत जाता-येता आम्ही तो रोज बघायचो. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले तरी हा एकटा माणूस मशीनगनवर धावून गेला, ग्रेनेड टाकला, टॉमीगनच्या गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलायलाही वेळ नव्हता तर तीच गन नळीला धरून उरलेल्या दोघांना मारलं आणि मग स्नायपरच्या गोळीने गेला. वय २२. बाबांची खात्री आहे की दादा त्यांना ओळखत असणार, कागदोपत्री काही नाही. मोन्तोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं स्मारक झालं, सूर्यघड्याळ आहे, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. बाबांना तिथे उभं राहायचंय.

आता अडचण. घाडग्यांचं नाव कोरलंय ते कासिनो मेमोरियलवर, कारण त्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही. कासिनो रोमच्या दक्षिणेला, मोन्तोनेपासून गाडीने तीन तासांच्या वर. शिवाय मोन्ते कासिनोचा डोंगर आणि तो मठ मलाही बघायचाच आहे, ४थ्या इंडियन डिव्हिजनने १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे काय सोसलं ते वाचून झोप लागली नव्हती, १/९ गुरखा (९व्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन) हँगमन्स हिल नावाच्या टेकडीवर मठाच्या अगदी खाली नऊ दिवस अडकून होते.

हाताशी सहा दिवस आहेत. मी सायकल नियमित चालवतो, बाबा गावात रोज पाच-सहा किलोमीटर चालतात पण उतारावर उजवा गुडघा कुरकुरतो. प्रश्न असे:

तिबरचं खोरं आणि कासिनो दोन्ही सहा दिवसांत होईल की एक सोडावं? सोडायचं तर कुठलं?

बाबांना ई-बाईक झेपेल का, त्यांनी आयुष्यभर साधी सायकल चालवलीय, मोटर लावलेली कधीच नाही.

महिना कुठला घ्यावा, सप्टेंबर शेवट की एप्रिल-मे? आणि बाबा शुद्ध शाकाहारी आहेत, खेडेगावात काय मिळतं?

शेवटचं म्हणजे दादांची पलटण नेमकी कुठल्या टेकडीवर कधी होती हे शोधायचं कसं? कुणी केलंय का असं काही? आगाऊ आभार.

---

प्रतिसाद:

धागा वाचून अंगावर काटा आला. मी त्या खोऱ्यात दोनदा सायकल चालवलीय म्हणून लिहितो. कासिनो सोडू नका पण शेवटी ठेवा. पहिले चार दिवस मुक्काम एकाच ठिकाणी, उंबेर्तिदे किंवा चित्ता दी कास्तेल्लो, रोज बॅगा भरत बसू नका. नदीकाठ सपाट आहे, काकांना ई-बाईकची सवय तिथेच करू द्या, पहिल्या दिवशी दहा-बारा किलोमीटर बस झाले. मोन्तोने टेकडीवर आहे, खोऱ्यातून दोनशे मीटरच्या वर चढ, मोटर असली की चढ काहीच वाटत नाही, खरी काळजी उताराची, ई-बाईक जड असते आणि ब्रेक एकदम धरतात. गुडघ्याचं बघता येताना त्यांना टॅक्सीने आणा, तुम्ही सायकल घेऊन या. वरून दिसणारं दृश्य मात्र निवांत बघा, ओक आणि ऑलिव्हच्या टेकड्या, खाली तंबाखूची शेतं आणि तंबाखू वाळवायच्या जुन्या भट्ट्या, मला तर निपाणीच आठवली.

महिना एप्रिल-मे घ्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून शिकारीचा सीझन चालू होतो, रानवाटांवर बंदुका असतात. त्याच दिवसांत जायचं ठरलं तर पायवाटा मंगळवारी आणि शुक्रवारी करा, त्या दोन दिवशी शिकार बंद असते, आणि तरी भडक रंगाचं जाकीट घाला.

जेवणाची चिंता सोडा. तिकडे तोर्ता अल तेस्तो मिळते, तव्यावर भाजलेली जाड बिनयीस्टची रोटी, मध्ये चीज आणि पालेभाजी भरून देतात. मागताना "सेन्त्सा कार्ने" (मांस नको) म्हणा, आणि चरबी घातलीय का ते वेगळं विचारा. काकांना पहिल्या घासाला त्यांचे दादा आठवतील बघा.

---

प्रतिसाद:

मी माजी सैनिक, बेळगाव. दोन कामं लगेच करा. एक, बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा, आजोबांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, आणि नंबरचे जेवढे आकडे वाचता येतात तेवढे द्या, कागदाचा आणि मेडलचा फोटो जोडा. तेव्हाचा जिल्हा कुलाबा होता, तोच लिहा, रायगड लिहिलं तर जुन्या नोंदीत सापडणार नाही. दोन, त्या काळच्या बटालियनच्या वॉर डायऱ्या लंडनमधल्या क्यू या भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्यात रोजची जागा नकाशाच्या आकड्यांसकट लिहिलेली असते. त्यावरून टेकडी मिळेल. जवानांची नावं त्यात क्वचितच असतात, तेवढी अपेक्षा धरू नका.

कासिनोला जायच्या आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर घाडग्यांचा पॅनल नंबर काढून ठेवा, हजारो नावं आहेत, वडिलांना उन्हात शोधत उभं करू नका. आणि रानात गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावायचा नाही, तिकडे अजून दारूगोळा निघतो. ११२ ला फोन करा.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, कुलाबा ऐकल्यावर म्हणाले अरे हो, दादा शेवटपर्यंत पत्त्यात कुलाबाच लिहायचे. तर मे पक्का केला. पाच दिवस तिबर, मग रोमहून सकाळच्या गाडीने कासिनो. बेळगावचं पत्र बाबा स्वतःच्या अक्षरात लिहितायत, टाइप केलेलं नको म्हणाले.

एक राहिलंच. मेडल बाबा बरोबर आणणार म्हणतायत, मोन्तोनेला त्या सूर्यघड्याळापाशी क्षणभर ठेवायला. विमानात केबिन बॅगेत ठेवलं तर कस्टमला काही विचारतात का? कुणी असं जुनं मेडल घेऊन प्रवास केला असेल तर प्लीज सांगा.