प्रतिसाद: पोराला खोदून विचारू नका
वर विचारलंय की यवतमाळकडच्या खेड्यात मानसतज्ज्ञ मिळत नाही, तर अत्याचार किंवा घरातला मृत्यू अशा आघातातून गेलेल्या पोराला काय झालं ते गुरुजींनीच खोदून विचारावं का? नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्ही आधी हेच सांगतो: ऐका, 'तुझी चूक नाही' म्हणा, थांबा. तेच तेच वदवून घेतलं की जखम चिघळते. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; सरपंचाच्या ओट्यावर मिटवायचं प्रकरण नव्हे ते (मिटवतात, माहीत आहे). जबाब मुलाच्या घरी घेता येतो, पोलीस तेव्हा गणवेशात नसावेत, हे कलम २४ गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं. बाप गेलेल्या घरातलं पोरगं कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेतून गायब झालं, तर मात्र आधी बालसंगोपन योजनेचा (अशा मुलांना दरमहा पैशांची मदत देणारी सरकारी योजना) अर्ज भरा, समुपदेशन मागाहून. मुलांसाठीच्या मदतीचा १०९८ हा फोन फुकट लागतो.