वस्तीतल्या मानसिक आरोग्याचं संशोधन वस्तीच्या भागीदारीतच व्हावं का?

कोपरखैरणेकर
नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या वस्त्यांत विदर्भ, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेली माणसं राहतात. त्यांच्या मानसिक आरोग्यावर अभ्यास करायला कुणी येतं, फॉर्म भरून नेतं, आणि निष्कर्ष वस्तीला कधी कळतच नाहीत. काय विचारायचं हे ठरवतानाच नाक्यावरचा मजूर आणि घरकाम करणारी बाई बैठकीत हवी, बुडालेल्या रोजाच्या पैशासकट. अमेरिकेत आल्बुकर्कला निर्वासित कुटुंबं आणि विद्यापीठाचे विद्यार्थी कित्येक महिने जोडीने काम करतात, घर-शाळा-दवाखान्याची अडलेली कामं मिळून सोडवतात, आणि त्याचा मनावर काय परिणाम होतो हे तपासलं जातं. थकलेल्या पगारामुळे माणूस खचला असेल तर नुसतं ‘झोप लागते का?’ विचारून काय हाती लागणार?

पारसिक_टेकडी
माझा विरोध आहे. विदर्भातून आलेला माणूस निर्वासित नाही, ते उदाहरण इथे लागू होत नाही. दोन खोल्यांमध्ये पत्र्याची भिंत असते. भागीदारी म्हणून शेजारीणच प्रश्नांची वही घेऊन आली तर बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलेल? आणि ‘वस्तीचा प्रतिनिधी’ म्हणून पुढे येणार मुकादम, नाहीतर नगरसेवकाचा माणूस.

कोपरखैरणेकर
मग दिघ्याच्या बायकांनी तुर्भ्यात विचारावं, तुर्भ्याच्या बायकांनी दिघ्यात. तिऱ्हाइताजवळ माणूस मोकळा होतो हेही दर वेळी खरं नाही. बंगाली बोलणारा मजूर आज कागद घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला बघूनच गप्प होतो, नागरिकत्वाच्या पडताळणीच्या धास्तीने.

कळवा_खाडी
मी समुपदेशनाचं काम करते. नैराश्य तपासायच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीतला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. ‘जवळजवळ रोज वाटतं’ असं उत्तर आलं तर त्या रात्री जबाबदार कोण? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास सुरू असतो, पण घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि ‘ठाण्याला पाठवीन’ ही धमकी अजून ऐकू येते. अशा ठिकाणी अर्धवट शिकवलेल्या शेजारणीवर हे ओझं टाकू नका, तिचीही झोप उडेल.

वाशी_सेक्टर_नऊ
गोव्यात नैराश्य आणि चिंतेच्या उपचारांचा ‘मानस’ प्रयोग झाला, त्यात डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनीच काम केलं होतं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलं होतं.

कळवा_खाडी
हो, आणि खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नव्हता. शिवाय त्या समुपदेशकांच्या पाठीशी दवाखान्यातला डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ होता. इथे तो कोण देणार ते आधी लेखी ठरवा, मगच वस्तीत पाऊल टाका.

कोपरखैरणेकर
अट मान्य. पण ती विद्यापीठाच्या अभ्यासकालाही लावा. तोही नववा प्रश्न विचारून संध्याकाळच्या लोकलने घरी जातोच ना?

पारसिक_टेकडी
तेवढं पटलं. पण बैठकीत बसणारी माणसं निवडणार कोण, हे अजून कुणीच सांगितलेलं नाही. मुकादमाच्या शब्दावर ज्याचं उद्याचं काम ठरतं, तो मुकादमाला बाहेर बसा म्हणणार कसा?